विशेष सहकार्य : आमचे भाऊजी

"भाऊजी, ताईले घेऊन अकोल्याले या," एवढंच बोलून माझ्या मेव्हण्याच्या दोस्ताने, इरफानने, फोन ठेवला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे कारण न सांगता बोलावणं आलं की कारण कळलेलंच असतं. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी मनात एकच घोकत होतो... रेतीवाल्यांनी गाठलं. माझ्या मेव्हण्याला, प्रशिकला, शेवटी रेतीवाल्यांनी गाठलंच. दवाखान्याच्या दारात इरफान उभा होता. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "डेंग्यू होता भाऊजी. प्लेटलेट चढवल्या, पन..." रेतीवाले नव्हते, डास होता. त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि रडू त्यानंतर आलं. माणूस आयुष्यभर भीत राहिला की त्याचं असं होतं.

प्रशिकला रेतीवाल्यांनी का गाठावं, हे समजायला त्याच्या अल्बमबद्दल सांगावं लागेल. वाचकांपैकी कुणी तो ऐकला असेल असं मला वाटत नाही. अल्बमचं नाव 'मोर्णेपार'. गँगस्टर रॅप, तोही अस्सल वऱ्हाडीत. पिस्तूल, खंडणी, वसुली, पोलिसांची गाडी, सगळं त्यात होतं. हे गाणारा आमचा प्रशिक नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मशीनवर कामाला होता. ड्युटी असली की अमरावतीत आमच्याकडे राहायचा आणि सुट्टी आली की अकोल्याला आईकडे, जुन्या शहरात पळायचा. स्वतःला 'पशा डेंजर' म्हणवून घ्यायचा. हा डेंजर माणूस बाथरूममध्ये पाल दिसली की आपल्या बहिणीला हाक मारायचा. जेवताना ताटातली मिरची बाजूला काढायचा. मी एकदा म्हणालो, "अबे, खंडणी मागणाऱ्याला मिरची लागते का?" तर तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "गान्यात लागत नाई भाऊजी."

इरफान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरचा गादी कारखाना मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका बोळात आहे. पुढे पिंजण्याचं यंत्र, मागे रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची, खोली. त्या मागच्या खोलीत, जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेल्या रुईच्या मधोमध यांनी माइक उभा केला होता. मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा आत पाऊल टाकलं आणि कानात बोळे घातल्यासारखं झालं. बाहेर बोळात भाजीवाला ओरडत होता, त्याचा मागमूस नाही. "याच्यापेक्षा भारी स्टुडिओ मुंबईत नाई," इरफान म्हणाला. एकच अडचण होती. रुईची धूळ घशात जायची आणि प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे प्रशिक खोकायचा. इरफान ते कापायला निघाला की हा अडवायचा. "राहू दे. गुंड खोकत नाई काय?"

बाकीची गाणी फुशारकीची होती. माझी झोप उडवली ती 'रेती' या गाण्याने. पूर्णेच्या काठावरच्या एका गावात रेती काढताना दरड कोसळून एक मजूर खड्ड्यात गाडला गेला, आणि तो कामावर नव्हताच असं सगळीकडे सांगण्यात आलं, ही गोष्ट प्रशिकने कारखान्यात चहाच्या वेळी ऐकली होती. त्याने ती गाण्यात घेतली, पण मजुराच्या बाजूने नाही. ज्याने ट्रॅक्टर थांबवला नाही त्या मुकादमाच्या तोंडून घेतली.

"रेती निघाली गावाले, गजू राह्यला खाली,
म्याच म्हन्लं चाल बे, दुसरी खेप आली..."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दाराची कडी लावून आलो. "प्रशिक, तू 'म्याच म्हन्लं' म्हणतोस. उद्या कुणी तुलाच मुकादम समजेल. आणि खरा मुकादम ऐकेल, त्याला तर स्वतःचं नावही शोधावं लागणार नाही!" तो हसला नाही. त्याचं न हसणं मला नवीन होतं. म्हणाला, "भाऊजी, मी त्याच्याबद्दल गायलो अस्तो तं लोकायनं अरेरे म्हनून सोडून देल्लं अस्तं. म्याच केलं म्हन्लं की आयकनाऱ्याच्या पोटात गोळा येते. तुमच्या आला ना?" आला होता. आजही येतो.

पण खरा घोळ पुढेच होता. वऱ्हाडातला माणूस गँगस्टर झाला तरी लग्नपत्रिकेतून सुटत नाही, हे मला त्या अल्बमने शिकवलं. आमच्या घराण्यात कुठलंही लग्न असो, माइक माझ्या हातात असतो. कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, आत्याचे व्याही राहिले की ते जेवण न करता कसे निघून जातात, कालकथित (आम्ही बौद्ध 'स्वर्गीय' म्हणत नाही) आजोबांचं नाव पहिलं कसं यायला हवं, हे सगळं मला पाठ. प्रशिक लहानपणापासून मांडवात माझ्या शेजारी उभा राहून ते ऐकायचा आणि घरी आल्यावर माझी नक्कल करायचा. अल्बम संपताना, 'रेती' गाण्याच्या लगेच पाठोपाठ, त्याने तेच केलं. माझ्या आवाजात, माझ्यासारखा घसा खाकरून! "कालकथित पप्पांच्या मंगल स्मृतीस वंदन करून... आमची आई, आयुष्मती शांताबाई... ताई, आयुष्मती वैशाली... रुईचे मालक इरफानभाई... आणि विशेष सहकार्य, आमचे भाऊजी, आयुष्मान सुधाकर इंगळे, टपाल खाते, अमरावती!"

मी डोक्याला हात लावला. "अरे, खुनाच्या गाण्याखाली कुणी पाहुण्यांची नावं वाचतं का? तेही खात्यासकट?" त्याला माझं म्हणणं खरोखरच कळलं नाही. "तुमचं नाव राह्यलं अस्तं तं तुमी रुसले नस्ते काय?" तो म्हणाला. आणि खोटं कशाला बोलू, रुसलो असतो.

अल्बम इंटरनेटवर टाकला आणि काहीच झालं नाही. ज्या रॅपवाल्यांना याने मुंबईत पाठवला त्यांनी उत्तर दिलं नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं की शिव्या कमी करा, भाषा शुद्ध वापरा. प्रशिक जेवणाच्या आधी आणि जेवणानंतर मोबाईल बघायचा, आणि त्याचा चेहरा पडलेला दिसला की मला वाईट वाटायचं, आणि त्याच वेळी बरंही वाटायचं. कुणी ऐकत नाही, म्हणजे कुणी येणार नाही. संध्याकाळी दारात अनोळखी मोटारसायकल थांबली की मी खिडकीच्या फटीतून बघायचो. ती शेजाऱ्याच्या पाहुण्याची निघाली की मी पंखा मोठा करून बसायचो. पुढे पुढे प्रशिकनेही तो विषय काढणं सोडलं. मोर्शीकडून येताना संत्री आणायचा, आमच्या लेकीचा अभ्यास घ्यायचा, ड्युटीला जायचा. मला वाटलं, टळलं.

मग डेंग्यू आला. स्मशानात भन्ते त्रिशरण म्हणत होते तेव्हा मागे, लिंबाखाली, दोन माणसं उभी दिसली. उन्हाने रापलेली, अंगावर मळकट शर्ट. आमच्यातली नव्हती, कारखान्यातलीही नव्हती. सगळे हात जोडून होते आणि त्यांतला एक माझ्याकडे बघत होता. निघताना मी बायकोला माझ्या आड घेतलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या जेवणाच्या, दिवशी तीच दोघं पुन्हा आली. जेवायला बसली नाहीत, दारातूनच इरफानशी काहीतरी बोलली आणि गेली. मी इरफानला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमालेच भेटाचं हाये म्हन्तात. तुमचं नाव गान्यातून आयकलं त्यायनं."

त्यानंतर अमरावतीला परतलो तरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ऑफिसात काउंटरवर कुणी मोठ्याने बोललं तरी मी दचकायचो. बायको म्हणाली, "काढून टाका ना मंग ते नाव. इरफानकडं पासवर्ड हाये." मार्ग सोपा होता. ती नावं तेवढी कापायची, माझ्या नावाबरोबर सासूबाईंचं, बायकोचंही जाईल, घर सुरक्षित होईल. पण सासूबाईंचं काय करायचं? त्यांनी अल्बम कधीच ऐकला नव्हता. पोरगा शिव्या देतो म्हणून त्या कान झाकायच्या. आता मात्र रोज संध्याकाळी, दिवे लागले की, त्या इरफानच्या कारखान्यात जाऊन रुईच्या खोलीत बसत होत्या आणि तेवढा नावांचा शेवटचा भाग लावायला सांगत होत्या. "आमची आई, आयुष्मती शांताबाई" हे आलं की पुन्हा मागे घ्यायला लावायच्या. तो तुकडा कापायला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तरी रविवारी मी अकोल्याला गेलो. माझं नाव तरी काढ, एवढं इरफानला सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

कारखान्यात ती दोन माणसं बसली होती. मी उंबऱ्यातच थांबलो. पळावं असं पायांना वाटत होतं, पण आत सासूबाई होत्या. मला पाहून दोघं उठून उभी राहिली आणि थोरल्याने हात जोडले. "तुमीच टपाल खात्यातले भाऊजी ना? आमी पूर्णेकडचे. ते 'रेती'चं गानं... तो आमचा भाऊ होता." मला बसायला गादी दिली ती त्यांनीच. हळूहळू कळलं की जो अल्बम कुणीच ऐकला नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तो त्यांच्याकडे पेनड्राइव्हमधून ट्रॅक्टरवर वाजत होता. रेतीच्याच ट्रॅक्टरवर. मुकादम जवळ आला की पोरं आवाज कमी करत आणि तो गेला की वाढवत. प्रशिकला हे कुणी सांगितलंच नाही. तो ताटासमोर मोबाईल बघत बसायचा ते मला आठवलं, आणि मला रडू आवरेना.

थोरला म्हणाला, "गान्यात गजू हाये. आमच्या भावाचं नाव दिनकर होतं. कामावर नोताच म्हन्तात तो. कुठीच नाव नाई त्याचं. तुमी त्या शेवटच्या पत्रिकेत घेता काय त्याले? प्रशिकभाऊले म्हनाचं होतं, पन आमी उशीर केला."

इरफान माझ्याकडे बघत होता. मी नाव काढायला आलो होतो आणि हे नाव घालायला आले होते. गजू होता तोवर ते गाणं होतं. दिनकर म्हटलं की ती साक्ष झाली, आणि तिच्याखाली माझं नाव, माझं खातं, माझं गाव. "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. धाकटा पहिल्यांदा बोलला. "वाटते ना. सोमवारी त्याच काठावर जाचं हाये." इरफानने हळूच विचारलं, "नाव वाचनार कोन, भाऊजी? नक्कल करनारा तं गेला." सासूबाईंनी रुईच्या ढिगाला पाठ टेकली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी माइकसमोर उभा राहिलो. किती मांडवांत उभा राहिलोय, पण असा कधी नाही. "कालकथित म्हणू की स्वर्गीय?" मी त्या भावांना विचारलं. थोरला म्हणाला, "प्रशिकभाऊले जे म्हन्सान, तेच त्याले म्हना." मी घसा खाकरला. "कालकथित दिनकर..." गावाचं नाव घेतलं, पूर्ण घेतलं. "कालकथित प्रशिक..." आणि पुढे रुईची धूळ घशात गेली, की आणखी काही, मला खोकला आला. इरफानने विचारलं, पुन्हा घ्यायचं का. मी नको म्हणालो.

त्याने ते सगळं जोडून लावलं. आधी प्रशिक माझ्या आवाजात आम्हा सगळ्यांची नावं घेत गेला, मग मी माझ्या आवाजात त्या दोघांची. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, आवाज कापून राह्यला तुमचा. भेव वाटते काय?"

"वाटते, आई."

"मलेबी वाटते," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून पुन्हा रुईला टेकल्या. "लाव रे इरफान. पयल्यापासून लाव."