शिरगणतीचे गुरुजी

गुरुजी कुठंही शिरले की आधी माणसं मोजायचे. लिफ्टमध्ये, बसमध्ये, कुणाच्या मयताला गेले तरी. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि मग आकडा सांगून मोकळे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढायच्या आधीच म्हणाले, "पाच. आणि आतल्या खोलीत झोपलेला भाडेकरू धरून सहा." भाडेकरू ठेवलाय हे सूनबाईनं आमच्या अख्ख्या इंटरनॅशनल सिटी वस्तीपासून लपवलं होतं. तिनं त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

ते आमच्याच तालुक्यातले प्राथमिक शिक्षक. नोकरीत चार शिरगणत्या केल्या, पायी हिंडून, घरोघर. रिटायर झाल्यावर मुलाकडे दुबईला आले होते. मी तीस वर्षं रास अल खैमाला शटरिंगचा सुतार. मंदी आली, क्रेनी जिथल्या तिथं उभ्या राहिल्या, कंपनीनं खलास म्हटलं आणि मी पोराच्या घरी येऊन पडलो. त्याच्या आदल्या वर्षी गावी बायको गेली. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. घरात माझं कोणाशी धड जमत नव्हतं. गुरुजींशी जमलं, कारण ते सांत्वन करत नसत.

नोकरी गेली की माणसाला पूर्वज आठवतात, हे मी त्या वर्षी पाहिलं. शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये आपली मराठी मंडळी जमायची. आधी गाड्यांची आणि फ्लॅटची बोलणी व्हायची. हप्ते थकले तशी गाडी खापरपणजोबांवर आली. जो तो सरदाराचा वंशज. ज्याचा पगार मोठा होता त्याचा सरदारही मोठा. गुरुजींच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत इंग्रजांच्या काळच्या खानेसुमारीच्या झेरॉक्स असायच्या, आमच्या जिल्ह्याच्या. एकानं त्या पुढं ओढल्या आणि म्हणाला, गुरुजी, यात आमच्या घराण्याचं नाव शोधा.

गुरुजी म्हणाले, "यात नाव नाही कुणाचं. नावं चिठ्ठीवर लिहायची, मोजायची, बेरीज झाली की चिठ्ठ्या रद्दीत. छापतात ती बेरीज. जात आहे, धंदा आहे, आंधळे आहेत, महारोगी आहेत. सरदारांचा रकाना नाही. वेड्यांचा आहे. बघू का तुमच्या तालुक्याचे?"

त्या शुक्रवारी बैठक लवकर मोडली.

पण सिलिकॉन ओएसिस वस्तीतले मोरे ऐकणारे नव्हते. त्यांनी कॉम्प्युटरवर विलायतेची जुनी शिरगणती शोधली. तिकडं नावानिशी सगळं जपून ठेवलंय म्हणे. इंग्रजीत आपलं आडनाव टाकलं तर हा ढीग निघाला. शेतकरी मोरे, पाद्री मोरे, लोहार मोरे. कुठल्या तरी कंपनीला पाचशे दिरहम, म्हणजे साडेसहा हजार रुपये भरून त्यांनी घराण्याची ढाल मागवली. तिच्यावर सिंह होता. फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली आणि आमचा मूळ पुरुष बोटीनं लंडनला गेला असला पाहिजे, असं सगळ्यांना बोलावून सांगितलं. गुरुजींनी चष्मा पुसून ढाल नीट वाचली. म्हणाले, "हे मोअर आहेत हो. मोअर म्हणजे आणखी. पण यात तुमचं आणखी कोणी नाही." मोरे चार महिने बोलले नाहीत त्यांच्याशी. ढाल मात्र तिथंच राहिली.

गुरुजी दुसऱ्याला बोलत तसं स्वतःलाही बोलायचे. कागदावर विश्वास ठेवू नका, तो मी भरलाय, असं म्हणायचे. वय विचारलं की म्हातारी म्हणे, लिहा तुमच्या मनानं, मग हे लिहीत साठ. त्यामुळं गावंच्या गावं पाचाच्या पटीत म्हातारी झाली. घरात कुटुंबं किती, असं विचारलं तर एक शेतकरी चिडून म्हणाला होता, "एकच. दुसरं करायला पैसा कुठाय?" त्याला वाटलं, बायका किती ते विचारतायत. शाळेत पोर घालायला आलं की जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे, मग वय बसावं म्हणून सगळ्यांची एक जून. "अर्धा तालुका मीच एक जूनला जन्माला घातला," असं म्हणून हसायचे. मला ते पटलं. आमच्या रास अल खैमाच्या कॅम्पात पासपोर्ट बघून कॅम्पबॉसनं एकदा विचारलं होतं, "एक जून को तुम लोग का कोई त्योहार है क्या?"

माझी नात इंग्लिश शाळेत. एकदा तिला शाळेनं झाडाचं चित्र दिलं, फांदीफांदीवर चौकोन. माझं नाव लिहून झालं, माझ्या बापाचं, आज्याचं. आजीच्या चौकोनाशी आली तेव्हा मी सांगितलं, शांता. ती म्हणाली, "नॉट शांता, आबा. बिफोर मॅरेज." मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.

शांता हे आमच्या घरचं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच लिहिलं होतं, आईनं सांगितलं म्हणून. त्याच्या आधीचं भटजीनं घेतलं असेल एकदा, माझं लक्ष नव्हतं. माहेरी तिला सगळे बाय म्हणायचे. आता तिथं विचारायला कोणी उरलं नाही. मुलाला विचारलं, त्याला काय ठाऊक असणार. बारा पिढ्यांची वंशावळ पाठ असणारी माणसं आमच्याकडं शुक्रवारी जमत, आणि मला माझ्या बायकोचं नाव येत नव्हतं.

संध्याकाळी गुरुजी आणि मी ड्रॅगन मार्ट मॉलच्या एसीत फिरायला जायचो. तिथं खेळण्यांच्या दुकानासमोर त्यांना सांगितलं. म्हणाले, "मोऱ्यांना लंडनपर्यंतचे पूर्वज सापडले, आणि तुम्हाला शेजारी झोपलेली बाई सापडेना."

मी म्हटलं, शेजारी कुठली गुरुजी, दोन वर्षांनी एक महिना. तुम्ही आपला तालुका घरोघर मोजलात ना, ती असेल की तुमच्या कागदात.

"आहेत. बेरजेत आहेत. तिथून माणूस परत काढता येत नाही, मिस्त्री." मग थोडं चालून विचारलं, "शाळेत गेल्या होत्या?"

मी म्हटलं, कुठली शाळा, त्या काळी पोरीला कोण पाठवतं.

"ते मी बघतो," म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलाची नोकरी गेली. व्हिसा रद्द, तीस दिवसांची मुदत. टॅक्सी खाली उभी असताना गुरुजींनी माझ्या बायकोच्या माहेरच्या गावाचं आणि तिच्या बापाचं नाव माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि पिशवीवर पेनानं लिहिलं. मला वाटलं, उगाच समाधान करतायत. पण तशी त्यांना सवय नव्हती.

दोन महिन्यांनी फोन आला. तोवर झाडाचं चित्र शाळेत जाऊन, शांताच लिहून, स्टार घेऊन परत आलं होतं. गुरुजी त्या गावच्या शाळेत बसून बोलत होते, एसटीनं गेले होते, मागं पोरांचा गलका. म्हणाले, शाळेचं जनरल रजिस्टर कधी रद्दीत जात नाही, ऐका. आणि हजेरी घेतल्यासारखं वाचायला लागले. "विद्यार्थिनीचे नाव, हौसा. वडिलांचे नाव, केरबा. जन्मतारीख, एक जून. ती सोडा. इयत्ता सहावी. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचे कारण..." तिथं ते थांबले.

मी म्हटलं, वाचा गुरुजी.

"लग्न."

मी चौथीतून उठलेला माणूस. ती माझ्या दोन यत्ता पुढं होती. मी पुन्हा वाचायला सांगितलं. एकदा सांगितलेलं परत न सांगणारा तो माणूस, तीनदा वाचलं त्यांनी, पहिल्यापासून.

हौसा घरात आली आणि तांदळात अंगठी फिरवून मी तिची शांता केली. वर चाळीस वर्षं लोकांना सांगत फिरलो की आमची बायको नावासारखी आहे, कधी काही मागत नाही.

नातीनं खोडरबरानं जुनं नाव पुसून नवं लिहिलं. विचारलं, याचं मीनिंग काय. मी सांगितलं, नवं लुगडं पाहिजे, जत्रेत पाळण्यात बसायचंय, असं वाटतं ना, ती हौस. ती म्हणाली, "सो व्हॉट डिड आजी वॉन्ट?"

म्हटलं, विचारायचं राहिलं.

गुरुजींचा फोन त्यानंतर दोनदा आला. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाचा आला. शुक्रवारी आम्ही मोऱ्यांच्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभे राहिलो. मोऱ्यांनी सिंहाखाली उभं राहून गुरुजींवर भाषण केलं, चांगलं केलं, डोळे पुसले. मग गुरुजींचं वय नक्की किती होतं यावरून वाद लागला, तो जेवणं होईतो चालला.

मला एक खोड लागली ती लागलीच. भेटेल त्या म्हातारीला माहेरचं नाव विचारतो. सूनबाई म्हणते, आबा, लोक काय म्हणतील. म्हणू देत. बहुतेक जणी आधी लाजतात, मग सांगतात, आणि एकदा सांगितलं की अर्धा तास थांबत नाहीत. परवा बिल्डिंगखालच्या बाकावर पुण्याहून मुलाकडं आलेल्या एक बाई बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांनाही विचारलं. त्यांनी ओठ उघडले, मिटले, समोरच्या पार्किंगकडं बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "थांबा हं. आठवते."