दादाचा शेवटचा फोटो

आमच्या अंबरनाथचं वाचनालय डोंगरांचे जुने फोटो जमवतंय, म्हणून काल मी पत्र्याचा डबा उघडला. जुन्या निगेटिव्हचा आंबूस वास आला आणि वरच दादाचा शेवटचा फोटो निघाला. इतक्या वर्षांत तो बघायची हिंमत झाली नव्हती.

दादा मलंगगडाच्या रांगेत एकटाच गेला होता आणि परतला नव्हता. तिथल्या एका सुळक्याखाली त्याची सॅक आणि कॅमेरा तेवढा सापडला. मी तेव्हा उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका स्टुडिओत कामाला होतो. मीच रोल धुतला, मीच फोटो छापले. शेवटचा फोटो त्याने टायमर लावून काढलेला. त्यात तो हसतोय आणि सुळक्याच्या उजव्या घळीकडे हात करतोय. ओला फोटो घेऊन मी पायथ्याच्या गावात धावलो.

शोधायला आलेला गावातला एक म्हातारा फोटो बराच वेळ बघत राहिला. "ह्यो आपला डोंगर नाय, पोरा. उलटाच वाटतोय."

"आजोबा, फोटोत आलंय ते खोटं कसं असेल?" असं म्हणून मी सगळ्यांना उजव्या घळीत उतरवलं.

तिसऱ्या दिवशी दादा डाव्या घळीत सापडला. पाय मोडला होता. आदल्या दिवसापर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्याने वाट बदलली असेल, असं मी आईला सांगितलं. ती तेच धरून जगली.

काल फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. दादाच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. छापताना निगेटिव्ह मी उलटी घातली होती.