उत्तराबाईंचं अनुमोदन

ॲन आर्बर या अमेरिकन शहरातल्या त्या तीन मजली इमारतीत उत्तरा आणि नरेंद्र केंकरे चौतीस वर्षं राहत होते. फ्लॅट त्यांचा, पण खालची जमीन हॅलोरन नावाच्या कुटुंबाची. १९६७ साली साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरची इमारत, दोन्ही मालकाकडे परत जाणार, हे पहिल्यापासून कागदावर होतं. पण कागदावर बरंच काही असतं. चोवीस बिऱ्हाडांपैकी कुणालाच ते खरं वाटत नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात पत्र आलं. म्हाताऱ्या मिसेस हॅलोरन वारल्या होत्या आणि नातवंडांनी जमीन एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. दोन वर्षांनी लीज संपेल, वाढवून मिळणार नाही.

उत्तराबाईंच्या मनात आधी आले ते नरेंद्र. त्यांची स्मृती चार वर्षांपासून ढासळत होती. जन्मभर इंजिनिअरिंग केलेला माणूस आता मुलीचं नाव विसरायचा. या घरात मात्र कुणाच्या मदतीशिवाय वावरायचा. शक्यतो जागा बदलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

उत्तराबाईंना वकिलाकडे घेऊन गेला तो वरच्या मजल्यावरचा सौमित्र. नागपूरचा मुलगा, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये संशोधक. दर रविवारी तो नरेंद्रकाकांना फिरायला न्यायचा.

वकील बाई म्हणाल्या, "मुदत वाढवून द्यायलाच हवी असं मालकावर बंधन नाही. पूर्वी त्यांनी लेखी काही कबूल केलं असेल, तरच काही आशा आहे. कागद शोधा."

कागदांची कमी नव्हती. नरेंद्र अकरा वर्षं रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते आणि प्रत्येक चिठोरं त्यांनी फाइलला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तराबाईंच्या हाती २००४ सालचं पत्र लागलं. मिसेस हॅलोरनची सही. लीज आणखी चाळीस वर्षं वाढवून द्यायला मी तयार आहे, जमिनीचं भाडं थोडं वाढेल. उत्तराबाईंना हर्षानं रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी पान उलटलं. मागे सभेचं इतिवृत्त होतं. प्रस्ताव नाकारावा असं ठरलं. सूचक नरेंद्र केंकरे. अनुमोदक उत्तरा केंकरे.

त्यांना ती संध्याकाळ हळूहळू आठवली. त्यांनी चिवडा केला होता आणि सगळ्यांनी रेसिपी मागितली होती. नरेंद्र उभे राहून म्हणाले होते, "घाई कशाला? आपल्याला सोडून ती कुणाला देणार? थांबलो तर भाडं कमी करेल." लोक हसले होते. चिवडा लक्षात राहिला होता. आपण हात वर केला होता हे मात्र साफ पुसलं गेलं होतं.

आणि २०१७ मध्ये सौमित्रनं विचारलं होतं, "काकू, लीजची दहाच वर्षं उरलीयत. घेऊ का फ्लॅट?" त्या म्हणाल्या होत्या, "घे रे बिनधास्त. वाढवून देतात."

रविवारी तो आला तेव्हा त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"काकू, तुम्हाला हे माहीत होतं?"

"आठवत नव्हतं."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही नाही रे. खरंच नाही."

"सगळी सेव्हिंग्ज टाकलीयत मी यात. आई-बाबांना आणायचं होतं इथे." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात नरेंद्र कोट घालून दारात येऊन उभे राहिले. सौमित्रनं त्यांच्या कोटाची चेन लावून दिली, त्यांना फिरवून आणलं आणि दारातूनच परत गेला. पुढच्या रविवारी मेसेज आला, काकू, बिझी आहे. त्यानंतर मेसेजही थांबले.

उत्तराबाईंनी मंडळाच्या सभेत ते इतिवृत्त स्वतः वाचून दाखवलं. त्यांच्याच वयाची डोलोरेस म्हणाली, "हात आपण सगळ्यांनीच वर केले होते." पण त्या सगळ्यांपैकी आता चारच घरं उरली होती. बाकीचे नंतर आलेले, यांच्या भरवशावर फ्लॅट घेतलेले. सर्वांच्या सह्यांनी हॅलोरन नातवंडांना विनंती गेली. त्यांच्या वकिलाकडून तीन ओळींचं उत्तर आलं: जुना प्रस्ताव तेव्हाच नाकारला गेला आहे.

मार्चमध्ये मुलगी अनया दोघांना दूरच्या चँडलर शहरात आपल्या घरी घेऊन गेली, दोन आठवड्यांसाठी, सवय होते का बघायला. झाली नाही. नरेंद्र भर दुपारी गॅरेजमध्ये जाऊन उभे राहत, रात्री परक्या खोलीत घाबरून ओरडत. दहाव्या दिवशी अनयानं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या केंद्राचा फॉर्म समोर ठेवला.

"आई, वेटिंग लिस्ट दीड वर्षाची आहे. आत्ताच नाव घातलं तर लीज संपेपर्यंत नंबर लागेल. तू माझ्याकडे राहा."

"आणि ते तिथे एकटे?"

"आई, दुसरं काय करायचं, सांग ना."

उत्तराबाईंनी सही केली.

शेजारच्या खुर्चीवर नरेंद्र हात जोडून बसले होते, पाहुण्यासारखे. त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "लोक चांगले आहेत हो. पण उशीर झाला, निघू या आता."

"थोडं थांबू या," त्या म्हणाल्या.