सुमन ओव्हाळची बारा दिवसांची रजा

पिंपळे गुरवच्या नदीकडच्या आळीत १९७८ साली डॉक्टर एकच होती, आणि तिला सगळे नुसतं सुमन म्हणत. भिवा ओव्हाळची मुलगी. भिवा पिंपरीतल्या एका फौंड्रीत होता. साच्यातून निघालेल्या, निवालेल्या लोखंडावरची वाळू झाडायची, हे त्याचं काम. पंधरा वर्षं तो वाळू झाडत राहिला आणि ती थोडीथोडी त्याच्या छातीत साठत गेली.

भिवाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक सुमन, दुसरी पगारी रजा. आजारपणाची रजा मिळावी म्हणून तो आणि त्याचे सोबती अठरा दिवस कंपनीच्या गेटवर बसले होते. "माणूस पडला तरी घर पडू नये, एवढंच मागितलं," असं तो सांगे. खात्यातल्या एकाने मेव्हण्याच्या लग्नासाठी आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट आणलं, तेव्हा भिवाने वर्षभर त्याच्याकडून तंबाखू घेतली नाही. खोटा आजारी खऱ्याची जागा खातो, असं त्याचं म्हणणं.

सुमन पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात हाउसमन होती. डॉक्टरीची परीक्षा झाल्यावर वॉर्डात सहा महिने शिकत राबायचं, त्याला हाउसमनशिप म्हणत. हे डॉक्टर विद्यार्थी, म्हणून त्यांना पगार नव्हता, थोडंसं विद्यावेतन होतं. आणि वॉर्ड तर तेच चालवत, म्हणून त्यांना सुट्टी नव्हती. सहा महिन्यांत बारा दिवस रजा. तेराव्या दिवशी हजेरीपटावर सही नसली की सगळी टर्म बाद, पुन्हा पहिल्यापासून. सुमनचे पाच महिने भरले होते. टर्म पुरी झाली की बाळंतपणाच्या पदविकेला तिची जागा ठरलेली होती.

मे संपता संपता कामगारांच्या दवाखान्याने भिवाला घरी पाठवलं. आता घरीच ठेवा, असं सांगून. सुमनने रजेचा अर्ज केला. कारकुनाने तो वाचून परत सरकवला.

"मॅडम, कारण लिहा."

"लिहिलंय. वडील आजारी."

"ते कारण होत नाही. बारा दिवसांपुढची रजा हवी तर आजार स्वतःचा पाहिजे. बारा दिवस हक्काचे आहेत, ते घ्या. पुढे कसलं सर्टिफिकेट आणलंत तर मी खोलात बघणार नाही."

घरी ती भिवाला दोन गोधड्यांच्या टेकीने बसतं करी. आडवं झालं की त्याचा जीव घुसमटे. दम वाढला की इंजेक्शन द्यावं लागे, आणि ते देणारा हात आळीत दुसरा नव्हता. तिची आई जाईबाई पाणी उकळून सुई त्यात टाकी आणि चुलीपुढे बसून राही.

"तुझी रजा किती हाय गं?" भिवाने विचारलं.

"आहे, आबा. भरपूर."

"असणारच. जिच्या सहीवर लोकांस्नी रजा मिळती, तिला सोताला नसंल व्हय?" तो हसला आणि खोकला. "आमाला गेटवर बसावं लागलं. तुमी नुसतं पेन उचलायचं."

सुमनने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी तिच्या वॉर्डातला दुसरा हाउसमन, उद्धव, सायकलवरून आला. तो लातूरकडचा. बारा दिवस त्याने तिचे आणि स्वतःचे असे दोन्हीकडचे पेशंट सांभाळले होते. त्याचे डोळे सुजलेले दिसत होते. ओसरीवर बसून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"ओव्हाळ, हे घे. कावीळ. तीन आठवडे विश्रांती. खाली सही माझी हाय. तू फकस्त वर अर्जावर सही कर."

"मला कावीळ नाही."

"काय येड्यावानी करायलीस? उद्या आली नाहीस तर पाच महिने गेले. सगळेच असं करतात. वॉर्डाच्या मोठ्या साहेबांना बी माहीत हाय."

आतून भिवाचा आवाज आला. "कुणाला कावीळ झाली?"

भिवाने उद्धवला आत बोलावलं, कागद मागितला. वाचायला त्याला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्याने लेकीला विचारलं.

"रजा न्हाई तुला?"

"संपली आज."

"मला भरपूर म्हणालीस."

"आबा, बोलू नका. दम लागतो."

"दम लागायला छातीत जागा लागती. ती कुठं उरलीय?" तो उद्धवकडे वळला. "तुमची माणसं गेटवर बसली न्हाईत कदी?"

"पेशंट सोडून कुठं बसणार, काका?" उद्धव म्हणाला.

भिवाने मान हलवली. कागदाची घडी पुन्हा तशीच घालून त्याने ती उद्धवच्या हातात दिली. "तुमी चांगलं मनात आणलंत, डॉक्टर. पर हे नगं." मग तो सुमनला म्हणाला, "उद्याच्याला जा तू. माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा भोंगा व्हायच्या आधी भिवा उठून बसला होता. जाईबाईकडून त्याने कामावरचा खाकी शर्ट मागून घेतला होता. बटणं मात्र खालीवर लागली होती. "बघ, बरा हाय की मी," तो म्हणाला. सुमनने त्याची बोटं हातात घेतली. नखं जांभळी पडली होती. तिने शर्टाची बटणं सोडवून नीट लावली. मग बसच्या वेळेला कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: वडील अत्यवस्थ आहेत. मी येऊ शकत नाही. खाली सही केली आणि शेजारच्या माणसाबरोबर कागद पाठवून दिला.

भिवाने ते पाहिलं. रागावण्याइतका श्वास त्याच्याजवळ नव्हता. "तुझी आई म्हणती ते खरं," तो एवढंच म्हणाला, "तू माझ्यावर गेलीस."

सुमन घरी आल्यापासून सोळाव्या दिवशी तो गेला. सुमनचा हात त्याच्या पाठीवर होता.

जुलैच्या एक तारखेला ती इस्पितळात हजर झाली. पदविकेची जागा दुसऱ्याला गेली होती. कारकुनाने नवा हजेरीपट उघडला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर जुन्याच ना?"

"हो. पहिल्यापासून."

त्याने तिचं नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात शिल्लक रजा: बारा. त्या सहा महिन्यांत तिने त्यातली एकही घेतली नाही. उद्धव त्याच वॉर्डात दुसरी टर्म करत होता. डिसेंबरात त्याची आई आजारी पडली, तेव्हा तो सोळा दिवस गावी होता. बारा दिवस त्याचे हक्काचे होते. उरलेले चार दिवसही त्याच्या पलंगांपुढे सुमन उभी राहिली, आणि मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "त्याची आई आजारी आहे, सर. तो गावी आहे. त्याचं काम मी करतेय."

साहेब पुढच्या पलंगाकडे वळले. त्या चार दिवसांची गैरहजेरी त्यांनी लावली नाही, आणि उद्धवची टर्म बाद झाली नाही.