माधवीने चालू केलेली नोंद

माधवीच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली. तिच्या वहीत तुमचा नंबर होता." मावशी म्हणणाऱ्या या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माधवीशी बोलून तीस वर्षं उलटली होती. या गोष्टीला दीड महिना झाला. रडू आलं नाही... अजून येत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मुलुंडच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघी संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे एक एसी खोली, एक यंत्र आणि आम्ही. नवीन यंत्राचा कर्नल, म्हणजे सगळं कामकाज चालवणारा गाभा, आम्हीच बांधला. सुरक्षेच्या पर्यायांची एक यादी असे. प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं, कर्नल नव्याने तयार करायचा आणि यंत्र परत सुरू करायचं. त्यात एक पर्याय होता, कोण कधी कोणती फाइल उघडतं याची गुपचूप नोंद ठेवण्याचा. माधवी म्हणाली, "कशाला गं? आपल्याच माणसांवर पाळत? नाही टाक." मी टाकलं. त्या दुपारी तिच्या डब्यातलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. तेव्हापासून डबा एकच झाला.

वर्षभराने साहेबांनी कमी करायच्या कामगारांची यादी यंत्रावर ठेवली. सगळ्या फाइली आम्हा दोघींनाच उघडता येत. माझा मामा तिथेच रंगखात्यात होता. "मामाचं नाव असेल का गं?" मी माधवीला विचारलं. ती स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली, "बघ ना. कोण विचारतंय." मी बघितलं. नाव होतं. मी मामाला सांगितलं, त्याने खात्यात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कामगार गेटवर बसले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी एक प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. माझं नाव, वेळ, फाइल. कर्नल बांधता येणारी माणसं दोनच होती.

"ती नोंद कधी चालू केलीस?" मी तिला जिन्यात गाठलं.

"आठवडा झाला. साहेब म्हणाले, कुणाला सांगू नको."

"आणि मला बघ म्हणालीस?"

ती कठड्याकडे बघत राहिली. "मला नोकरी लागते गं," एवढंच म्हणाली. मला लागत नव्हती का? राजीनामा मी त्याच दिवशी दिला. मामाला काढलंच. "माझ्यापायी तुजी नोकरी गेली गो," हे तो जाईपर्यंत म्हणत राहिला. माधवी तिथेच मोठी झाली, विभागप्रमुख झाली. तिने बघ का म्हटलं, भीतीने की साहेबांना कुणीतरी सापडायला हवं होतं म्हणून... ते विचारायला मी कधी गेले नाही, आणि ती सांगायला आली नाही.

फोन आल्यापासून पंधराव्या दिवशी माधवीच्या घरी भेटायला गेले. मुलीने आईची खोली दाखवली. "आई तुमच्याबद्दल खूप बोलायची. लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडलीत ना तुम्ही?"

मी "हो" म्हणाले.

खिडकीपाशी माधवीची वेताची खुर्ची होती, खुर्चीच्या हातावर घडी केलेला चष्मा. "बसा ना मावशी, आईची जागा आहे," म्हणत मुलीने चष्मा उचलला. मी चहा उभ्यानेच प्यायले.