काळ्या मातीतल्या खुंट्या

आमच्या इंजिनिअर कंपनीची तुकडी पावसाळ्याच्या शेवटी परभणी जिल्ह्यात आली. जिंतूर तालुक्यातल्या एका ओढ्यावरचा पूल पुरात गेला होता. पलीकडची चार गावं आठ दिवस तुटलेली होती. तिथे तात्पुरता लोखंडी पूल टाकायचा हुकूम होता. मी तेव्हा हवालदार होतो, गाव वालूर. तुकडीत जिल्ह्यातला आणखी एकच जण होता, लान्स नाईक मिलिंद खिल्लारे. तो चारठाण्याचा. त्याचं घर कामाच्या जागेपासून पाच मैलांवर.

त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात मनं फाटली होती. माझ्या गावात मराठ्यांची आळी आणि बौद्धवाडा एकमेकांशी धड बोलत नव्हते. मी मराठा, तो बौद्ध, पण आम्ही दोघं सहा वर्षं एका बराकीत राहिलो. रजेवर निघालो की एकाच डब्यातून सेलूपर्यंत यायचो. गाडी मराठवाड्यात शिरली की आमची हिंदी सुटायची आणि आमी-तुमी सुरू व्हायचं. "उस्ताद, आता कुठं तोंड मोकळं झालं," असं तो म्हणायचा. सेलूला तो जिंतूरची एसटी धरायचा, मी वालूरची.

खिल्लारे अंगाने किडकिडीत होता. पण टनांची वजनं उचलण्यात त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला पुढे मिळाला नाही. आमचे नियम मोजके होते. इशारा एकानेच द्यायचा. 'थांब' मात्र कुणीही म्हणावं आणि सगळ्यांनी ऐकावं. ओझ्याखाली कुणी जायचं नाही. ओझ्याला वेढायचा तारदोर, म्हणजे स्लिंग, रोज सकाळी तपासायचा. खिल्लारे त्यावरून फडकं फिरवायचा. तार तुटलेली असली की फडकं अडकायचं. असा स्लिंग तो बाजूला ठेवत नसे, छिन्नीने तोडून टाकत असे. ठेवला तर घाईत कुणीतरी उचलतंच, असं त्याचं म्हणणं. एकदा मी पास केलेला स्लिंग त्याने माझ्यादेखत तोडला. मी चिडलो. त्याने फडक्यात अडकलेली तार दाखवली आणि संध्याकाळी मला चहा पाजला.

ओढ्यावर पहिले दोन दिवस सामान उतरवण्यात गेले. दुसऱ्या संध्याकाळी मी खिल्लारेला घरी जाऊन यायची परवानगी दिली. येताना त्याने सगळ्या तुकडीला पुरतील एवढ्या दशम्या आणल्या. आम्ही त्या ट्रकच्या फळीवर बसून खाल्ल्या. पंजाबच्या गुरमेलने सहा संपवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काम सुरू झालं. जुन्या पुलाचा चार टनांचा गर्डर पात्रात आडवा पडला होता. तो काढल्याशिवाय नवा पूल सरकवता येत नव्हता. आम्ही एक पोलादी खांब उभा केला, त्याला चार बाजूंनी तारदोरांनी ताणलं आणि ट्रकच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, गर्डर उचलायचं ठरवलं. सगळा भार मागच्या ताणावर, म्हणजे मागच्या तारदोरावर, येणार होता. तो मी लोखंडी खुंट्यांना बांधायला सांगितला.

खिल्लारेने टाचेने माती दाबून पाहिली.

"उस्ताद, काळी माती हाय. वली हाय. खुंट्या धरायच्या न्हाईत. ओंडका गाडू."

त्याचं खरं होतं. आडवा ओंडका खोल गाडून त्याला ताण बांधला असता, तर तो हलला नसता. त्याला तीन तास लागले असते. तेवढ्यात वायरलेसवर कॅप्टनसाहेब आले.

"गर्डर केव्हा निघेल? ओव्हर."

"दहापर्यंत, सर. ओव्हर."

मी शेतकऱ्याचा मुलगा. ओली काळी माती काय असते, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी खुंट्या दुप्पट करायला सांगितल्या. खिल्लारेने स्वतःहून ताणाला एक राखीव दोर जोडला आणि त्या खुंट्यांजवळ उभा राहिला.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी गर्डर वीतभर उचलून पाच मिनिटं धरला. सगळं ठीक होतं. मी वर घ्यायचा इशारा दिला. गर्डर छातीइतका वर आला तेव्हा खिल्लारेचा आवाज आला.

"थांबा. खुंट्या सरकायल्यात."

मी शिट्टी दिली. विंच थांबला. पण खांब पुढे झुकू लागला होता. तो पडणार त्याच बाजूला गर्डर डुलू नये म्हणून त्याला बांधलेला दोर धरून तिघं उभे होते, गुरमेल, दत्तू आणि उस्मान, गुडघ्यापर्यंत गाळात. त्यांना पळता येत नव्हतं. खिल्लारेने राखीव दोराचे मागच्या एका बाभळीच्या बुंध्याला तीन वेढे मारले आणि टोक दोन्ही हातांनी धरलं. मी त्याला बाजूला हो म्हणून ओरडलो.

"आदी त्यांना काढा," तो म्हणाला.

तिघांना बाहेर ओढायला मिनिटभर लागलं. तेवढा वेळ खांब त्या दोरावर अर्धवट झुकून राहिला. मग खुंट्या एकदम उपटल्या. त्यातली एक खिल्लारेच्या छातीत बसली. परभणीच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, दहा वाजून पाच मिनिटांनी, तो गेला.

चौकशीत मी घडलं ते सांगितलं. माझी बढती थांबली. ती थांबायलाच हवी होती. पूल चौथ्या दिवशी उभा राहिला, ओंडके गाडून.

आठवड्याने मी चारठाण्याला गेलो. त्याचे वडील कोंडिबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. त्यांना मी सांगितलं, की मिलिंदने ओंडका मागितला होता आणि मी ऐकलं नाही. त्याची आई उठून आत गेली. कोंडिबांनी विचारलं, "ती तिघं जित्ती हायत?"

"आहेत, बाबा."

"नावं सांग."

मी सांगितली. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. पण मी दर रजेत जात राहिलो आणि त्यांनी दर वेळी बसायला घोंगडी टाकली. मिलिंदच्या लहानपणच्या गोष्टी मला तिथेच कळल्या.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी मी त्यांना शेवटचा भेटलो. त्यांना तोवर दिसेनासं झालं होतं. त्यांनी तिघांची खुशाली विचारली. गुरमेलला दोन मुली झाल्या होत्या, दत्तूला तीन मुलं, उस्मानला नुकताच मुलगा. कोंडिबांनी बोटांवर मोजलं.

"म्हंजे मिलिंदाचं घर लय भरलं," ते म्हणाले.