चारोळीच्या यंत्राचे अकरा दोष

आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा ऐकताना मला "जाऊ दे ना गा" म्हणायचं नाही. मी जाऊ देणार नाही! अजून माझं डोकं तापलेलंच आहे. एका शिकल्यासवरल्या कंपनीनं मला दिवसाढवळ्या लुटलं. आणि लुटायला दार कुणी उघडून दिलं, ते सांगताना माझी मान खाली जाते, म्हणून तेवढं हळूहळू सांगतो. चहा घ्या तोवर.

धानोऱ्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आपल्या जंगलात उन्हाळ्यात चारं पिकतात. त्यांची बी फोडली की आत चारोळी. बायका ती बी जात्यावर भरडतात आणि अर्ध्या चारोळीचा भुगा होतो. मिठाईवाल्याला मात्र अख्खाच दाणा पाहिजे. त्याच्या बापाला कुठे जातं ओढायचं असतं!

मला ते बघवेना. मी एक जुनी मोटर घेतली, दोन लोखंडी रोलर बसवले, त्यांवर सायकलच्या टायरचं रबर गुंडाळलं आणि चारोळी फोडायचं यंत्र केलं. रबरामुळे टरफल फुटतं, दाणा शाबूत राहतो. आहे की नाही अक्कल?

आमच्याकडच्या महिला गटाची अध्यक्ष जनीबाई. जंगलातल्या गावची, बोलायला कमी आणि नजरेनं तिखट. तिनं यंत्र चालवून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, बेस हाय. पुढच्या उन्हाळ्याआधी गटाचा ठराव करू न पाच गावांसाठी पाच यंत्रं घेऊ."

पाच! पाच गावांत माझ्या हातची यंत्रं! त्यांच्यावर माझं नाव लाल रंगात लिहायचं की निळ्या, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि तेवढ्यात मी मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला.

कोट घातलेला एक माणूस सांगत होता, मोठ्या कंपन्या कारखान्यावर वाढत नाहीत, डोक्यावर वाढतात. आधी संशोधन, मग पेटंट, मग त्याच्या जोरावर पुढचं संशोधन. कल्पना म्हणजे शेत आणि पेटंट म्हणजे त्याचा सातबारा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर तुमच्या शेतात कुणीही नांगर घालतो म्हणे.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठून एखादा वकील पकडला असता. मी काय केलं? यंत्रावर चादर टाकली!

माझी बायको वंदना म्हणाली, "अवो, यंत्राले थंडी वाजून राह्यली का?"

"तुले नाई समजत. ही बौद्धिक संपदा आहे."

"असू द्या. पण माही नवी चादर काऊन? जुनी टाका ना."

बी घेऊन येणाऱ्या बायकांना मी यंत्र चालू असताना भिंतीकडे तोंड करून उभं करायला लागलो. खोटं नाही सांगत! जनीबाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आत यंत्र हाय का नवरी?"

मग एके दिवशी पुण्याहून ऋचा नावाची मुलगी आली. टेक्नॉलॉजी कंपनीच्या संशोधन विभागातली. पाठीवर बॅग, हातात वही, आणि मला चक्क "सर" म्हणणारी. मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं.

"सर, आम्ही चारोळीच्या यंत्रावर काम करतोय. तुमच्या यंत्राबद्दल सांगाल का?"

आली! मी मनात म्हटलं, नांगर घेऊन आली! पण दारी आलेल्या माणसाला हाकलायचं कसं? मग मी डोकं चालवलं. हिला यंत्राचा एकही गुण सांगायचा नाही. नुसते दोष सांगायचे. कंटाळून जाईल निघून. काय डोकं आहे बघा!

"कायचं यंत्र जी," मी म्हटलं, "भंगार हाय!"

"का? काय होतं?" तिनं वही उघडली.

"आवाज असा करते का शेजारचं कुत्रं तालुका सोडून गेलं."

"अजून?"

"बी ओली असली का रबराले चिकटते. लहान-मोठी बी संगं टाकली का लहान तशीच निंगून जाते न मोठीचा भुगा होते. टरफलाची धूळ सीधी डोळ्यात! अर्ध्या घंट्यात मोटर तापते. आन् हालते असं का एका माणसाले वर बसा लागते."

"वर कोण बसतं?"

"माहा साळा. तो गावाले गेला का यंत्र बंद."

ती लिहीत राहिली, मी सांगत राहिलो. एकाला एक जोडत अकरा दोष सांगितले! चादरीखाली काय आहे, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. जाताना म्हणाली, "थँक्यू सर. इतकं मोकळेपणानं कुणी बोलत नाही."

मी छाती फुगवून वंदनाला म्हटलं, "पाह्यलं? रिकाम्या हातानं गेली."

"वही तं भरून गेली जी," वंदना म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर जनीबाईचा निरोप आला, चंद्रपूरला बचत गटांचं प्रदर्शन आहे, तिथे चारोळीचं यंत्र आलं आहे, पाहायला चला. मी, वंदना आणि जनीबाई एसटीनं गेलो.

मंडपात यंत्र उभं होतं. आवाज नाही, धूळ नाही. वरून लहान-मोठी बी आपोआप वेगळी होत होती, ओली बी आधी सुकत होती. जागचं तसूभर हलत नव्हतं. आणि कपाळावर चिठ्ठी: पेटंटसाठी अर्ज केलेला आहे.

माझं टाळकंच सरकलं. "चोरी! माह्यं यंत्र चोरलं!" मी असा ओरडलो की पापडाच्या स्टॉलवरच्या बायकाही धावत आल्या.

ऋचा तिथेच होती. शांतपणे तिनं पेटंटच्या अर्जाची प्रत काढली. "सर, तुमचं रबर आम्ही घेतलेलंच नाही. हे बघा." आणि वाचायला लागली, "सध्या वापरात असलेल्या स्थानिक यंत्रात पुढील त्रुटी आढळतात. एक, असह्य आवाज. दोन, ओली बी चिकटणे..." अकराच्या अकरा! सातवी ऐका: "यंत्र स्थिर राहावे यासाठी एका व्यक्तीस त्यावर बसावे लागते."

"या अकरा अडचणींची उत्तरं आम्ही शोधली. पेटंट त्या उत्तरांचं आहे," ती म्हणाली. "अडचण नेमकी कळली की संशोधन अर्धं झालंच, सर."

सांगा, हा कुठला न्याय? दुखणं माझं, औषधाचा सातबारा त्यांचा! एवढ्या जाड कागदात माझं नाव कुठे आहे, म्हणून विचारलं, तर म्हणे, "आहे ना. 'स्थानिक निर्मात्याच्या सांगण्यानुसार.'" हे नाव झालं? माझ्या आईबापानं हे नाव ठेवलं होतं? मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यात जनीबाई हळूच म्हणाली, "भाऊ, आमी तं रोज यंत्राजवळच राहो. आमाले विचारलं असतं तं दोष आमीच सांगतलो असतो न तुमीच सुधारले असते. तुमी आमाले भिताडाकडं तोंड करून उभं केलं."

मी तिच्याकडे पाठ केली आणि वाकून कंपनीचं यंत्र न्याहाळायला लागलो.

तेवढ्यात ऋचानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, आता आमच्या या यंत्रात काय त्रुटी दिसतात? तुमची नजर चांगली आहे. रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

"करा ना! काऊन नाई करायचं!" मी म्हटलं. मनात म्हटलं, बाई, एकदा फसलो, दुसऱ्यांदा नाही. दोन दोष मला तेव्हाच दिसले होते. सांगतो काय! तोंडातून एक दोष बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं आणि सुरू झालो.

"दोष? एकही नाई! असं यंत्र मी जिंदगीत नाई पाह्यलं! माह्या यंत्राच्या शंभरपट बेस! ज्यानं हे नाई घेतलं तो वेडा!"

वंदना माझा सदरा ओढत होती. "अवो, पुरे करा ना!" पण मी थांबतो का? चांगलं पाच मिनिटं बोललो. ऋचा पुन्हा म्हणाली, "थँक्यू सर." जनीबाई बाजूलाच उभी राहून ऐकत होती.

त्याच आठवड्यात गटाचा ठराव झाला. पाच गावांसाठी पाच यंत्रं, कंपनीची. मी जनीबाईला जाब विचारला, तर म्हणाली, "तुमीच तं म्हणलं भाऊ, नाई घेतलं तो वेडा."

नंतर एक माणूस दुकानात आला. आठ बाय दहाच्या बोर्डाची लोखंडी चौकट पाहिजे, मजबूत. कशाचा बोर्ड, हे मी विचारलं नाही. राग कुठेतरी काढायचाच होता, तो मी त्या लोखंडावर काढला. एकही नटबोल्ट नाही, सगळीकडे वेल्डिंग, पाय सिमेंटमध्ये पक्के.

चौकट उभी राहिली माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. दुसऱ्या दिवशी तिच्यावर फ्लेक्स चढला: ते यंत्र, त्याच्या बाजूला दात काढून हसणारा मी, आणि खाली ही मोठी अक्षरं, "माह्या यंत्राच्या शंभरपट बेस!"

परवाच्या वादळात आमच्या चौकातलं कडुनिंबाचं झाड पडलं. बोर्ड तसूभर हलला नाही.